स्वामी रामानंद तीर्थ

स्वामी रामानंद तीर्थ (पूर्वाश्रमीचे नाव : व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, ३ ऑक्टोबर, इ.स. १९०३ - २२ जानेवारी, इ.स. १९७२) हे शिक्षक, संन्यासी, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे प्रमुख नेते आणि संसदपटू होते. निजामाच्या अमलाखालील मराठवाड्यात हिप्परगा व अंबाजोगाई येथील शाळांमधून त्यांनी अध्यापन केले. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावे यासाठीच्या लढ्याचे नेतृत्व केले. स्वातंत्र्यानंतर ते दोन वेळा लोकसभेवर निवडून गेले. नांदेड येथील पीपल्स कॉलेजच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे कार्यक्षेत्रात असलेल्या, इ.स. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

स्वामीजींच्या राजकीय कार्याचा उगम त्यांच्या शिक्षकी पेशात होता. सभाबंदी आणि संघटनाबंदी असलेल्या संस्थानात खाजगी शाळा हीच सार्वजनिक कार्याची जवळजवळ एकमेव उरलेली जागा होती. त्यांचे आरंभीचे अनेक सहकारी शाळांमधूनच पुढे आले.

जन्म व शिक्षण

व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगी या गावी झाला. कुटुंब सामान्य आर्थिक स्थितीचे होते. वडिलांचा ओढा अध्यात्माकडे होता आणि पुढे त्यांनीही संन्यास घेतला. व्यंकटेश यांचे प्राथमिक शिक्षण गाणगापूर येथे झाले. माध्यमिक शिक्षणासाठी ते सोलापूरला आले आणि तेथील नॉर्थकोट हायस्कूलमध्ये दाखल झाले. कन्नड आणि मराठी या दोन भाषांच्या सीमेवर बालपण गेल्यामुळे दोन्ही भाषा त्यांना जवळच्या होत्या. त्रैभाषिक हैदराबाद संस्थानात काम करताना त्याचा त्यांना उपयोग झाला.

१ ऑगस्ट, इ.स. १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्या वेळी शाळेत शिकणाऱ्या व्यंकटेश यांनी आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. त्यानंतर लवकरच महात्मा गांधींनी असहकाराचे आवाहन केले. सरकारी मान्यतेच्या शाळांवर बहिष्कार टाकणे हा त्या कार्यक्रमाचा एक भाग होता. त्यानुसार व्यंकटेश यांनी शाळा सोडली आणि पुढील सर्व शिक्षण राष्ट्रीय शिक्षणसंस्थांत घेतले. काही काळ ते अमळनेर येथे शिकले आणि त्यानंतर पुण्यात टिळक महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी पदवी व पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. लोकशाहीचा विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. अशा संस्थांच्या पदव्यांना सरकारी नोकरीच्या दृष्टीने मोल नव्हते, त्यामुळे नोकरीची वाट त्यांनी विद्यार्थिदशेतच स्वतःहून बंद केली होती.

कामगार चळवळ

शिक्षण संपल्यानंतर त्यांनी कामगार नेते नारायण मल्हार जोशी यांचे चिटणीस म्हणून काम केले. ना.म. जोशी हे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक होते आणि केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे प्रश्न मांडत असत. या कामाच्या निमित्ताने खेडगीकरांचे वास्तव्य मुंबई व दिल्ली येथे झाले. मुंबईतील गिरणी कामगारांचे जीवन, संपांची आखणी, संघटनेचे हिशेब व पत्रव्यवहार यांचा प्रत्यक्ष अनुभव त्यांना मिळाला. मात्र या काळात त्यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना हे काम सोडावे लागले. प्रकृती पुढेही त्यांना आयुष्यभर त्रास देत राहिली.

हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा

इ.स. १९२९ मध्ये खेडगीकर हैदराबाद संस्थानातील हिप्परगा या गावी आले. हे गाव तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते. आजचा लातूर जिल्हाही त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता, तो १६ ऑगस्ट, इ.स. १९८२ रोजी वेगळा करण्यात आला. हिप्परगा आता धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात आहे. असहकार चळवळीच्या प्रेरणेने व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी इ.स. १९२१ मध्ये तेथे राष्ट्रीय शाळा सुरू केली होती. खेडगीकर या शाळेचे मुख्याध्यापक झाले.

या शाळेचे महत्त्व समजण्यासाठी संस्थानातील शिक्षणाची स्थिती लक्षात घ्यावी लागते. सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या हैदराबाद संस्थानात तेलंगणातील आठ, मराठवाड्यातील पाच आणि कर्नाटकातील तीन जिल्हे होते. प्रजेपैकी सुमारे निम्मे लोक तेलुगू व सुमारे एक चतुर्थांश लोक मराठी बोलत. उर्दू ही मातृभाषा असणाऱ्यांचे प्रमाण त्या मानाने बरेच कमी होते, परंतु राज्यकारभार, न्यायालये आणि वरच्या वर्गांतील शिक्षण यांची भाषा उर्दू होती. इ.स. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजीऐवजी उर्दूतून सर्व उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग केला. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न म्हणून तो उल्लेखनीय ठरला. मराठी, तेलुगू व कन्नड मुलांना मात्र त्यामुळे शिक्षणासाठी एका परक्या भाषेची जागी दुसरी परकी भाषा आली. खेड्यांतील बहुतेक मुले शाळेपर्यंत पोहोचतच नसत. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे आणि ती सहज मिळत नसे.

अशा परिस्थितीत मातृभाषेतून शिकवणारी आणि सरकारी साहाय्याशिवाय चालणारी शाळा ही दुर्मीळ गोष्ट होती. हिप्परगा हे मोठ्या रस्त्यापासून दूर असलेले लहान गाव असूनही आसपासच्या भागांतील पालक आपली मुले तेथे पाठवत. शिक्षक व विद्यार्थ्यांचे जीवन आश्रमासारखे साधे व एकत्र होते. नेहमीच्या विषयांबरोबरच शरीरश्रम, सूतकताई आणि राष्ट्रीय विचार यांना दैनंदिन क्रमात स्थान होते. शिक्षकांचे मानधन निर्वाहापुरते असे. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी खेडगीकरांना येथेच लाभले. परांजपे पुढे मराठवाड्यातील एक प्रमुख नेते म्हणून ओळखले गेले.

संन्यासदीक्षा

विद्यार्थिदशेपासून खेडगीकरांवर स्वामी विवेकानंद आणि स्वामी रामतीर्थ यांच्या विचारांचा प्रभाव होता. हिप्परगा येथील वास्तव्यात त्यांनी रामतीर्थांच्या परंपरेतील स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून संन्यासाची दीक्षा घेतली आणि स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. त्यांनी मठ स्थापन केला नाही, शिष्यसंप्रदाय वाढवला नाही आणि शाळेतील कामही सोडले नाही. मालमत्ता व कुटुंब यांपासून मुक्त होऊन पूर्ण वेळ सार्वजनिक कार्याला देणे, असा संन्यासाचा अर्थ त्यांनी आचरणात आणला. भगवी वस्त्रे धारण करणारा हा नेता राजकारणात धर्मनिरपेक्षतेचा आग्रह धरत असे. निजामाच्या राजवटीविरुद्धचा लढा हा हिंदू-मुसलमानांमधील संघर्ष नसून बेजबाबदार राजसत्तेविरुद्ध प्रजेचा लढा आहे, अशी त्यांची भूमिका होती. तिच्यापासून ते अखेरपर्यंत ढळले नाहीत.

अंबाजोगाई

इ.स. १९३५ मध्ये स्वामीजी आणि बाबासाहेब परांजपे हिप्परगा सोडून अंबाजोगाई येथे आले. आद्यकवी मुकुंदराज व संतकवी दासोपंत यांच्या वास्तव्यामुळे आणि योगेश्वरीच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेल्या या गावाचे नाव निजामी राजवटीत मोमिनाबाद असे होते. तेथे घोडदळाची छावणीही होती. येथील योगेश्वरी विद्यालयाची जबाबदारी स्वामीजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीकारली. हिप्परग्याच्या तुलनेत अंबाजोगाई हे मोठे व मध्यवर्ती ठिकाण होते. त्यामुळे शाळेचा विस्तार झाला, विद्यार्थी दूरवरून येऊ लागले आणि शिक्षकांचा संपर्क संपूर्ण मराठवाड्याशी वाढला.

त्याच सुमारास मराठवाड्यात अन्य ठिकाणीही लोकवर्गणीतून चालणाऱ्या शाळा रुजत होत्या. औरंगाबाद येथील सरस्वती भुवन, सेलू येथील नूतन विद्यालय आणि नांदेड येथील प्रतिभा निकेतन ही त्यांची ठळक उदाहरणे होत. या शाळांतील शिक्षक वाचनालये, गणेशोत्सव व व्याख्याने यांमधून परस्परांच्या संपर्कात असत. पुढील काळात स्टेट काँग्रेसला मराठवाड्यात कार्यकर्ते मिळाले, ते मुख्यतः या वर्तुळातून.

शाळा की चळवळ

संस्थानात गश्ती निशान ५३ या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक लागू होते. त्यानुसार कोणतीही सार्वजनिक सभा घेण्यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक होती. राजकीय पक्ष उघडपणे स्थापन करणे शक्य नसल्याने तिन्ही भाषिक विभागांत आंध्र महासभा, कर्नाटक परिषद आणि महाराष्ट्र परिषद अशा संस्था उभ्या राहिल्या. शिक्षण, भाषा व समाजसुधारणा हे त्यांचे जाहीर विषय होते. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन इ.स. १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली झाले आणि दुसरे इ.स. १९३८ मध्ये लातूर येथे भरले. लातूरच्या अधिवेशनाच्या सुमारास स्वामीजी परिषदेच्या कामात अग्रभागी आले. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करावी, असे मानणारा तरुणांचा गट आणि सनदशीर विनंत्यांवर भर देणारा जुन्या नेत्यांचा गट यांच्यातील मतभेद या काळात स्पष्ट झाले. स्वामीजी पहिल्या गटाचे प्रवक्ते ठरले.

या वळणावर स्वामीजींसमोर मोठा पेच होता. खाजगी शाळा सरकारच्या मर्जीवर चालत असल्याने मुख्याध्यापकाने उघडपणे राजकारणात भाग घेतल्यास शाळेवर गदा येण्याची भीती होती. पालकांनी विश्वासाने सोपवलेल्या मुलांच्या शिक्षणाचा तो प्रश्न होता. दुसरीकडे, नागरी स्वातंत्र्याशिवाय अशा शाळांनाही भवितव्य नव्हते. स्वामीजींनी इ.स. १९३८ मध्ये शाळेचे काम सोडले आणि पूर्ण वेळ राजकीय कार्य पत्करले. शाळा इतर सहकाऱ्यांनी पुढे चालू ठेवली आणि योगेश्वरी शिक्षण संस्था आजही कार्यरत आहे.

स्टेट काँग्रेस व इ.स. १९३८ चा सत्याग्रह

इ.स. १९३८ मध्ये संस्थानातील तिन्ही भाषिक विभागांच्या कार्यकर्त्यांनी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरवले. संघटना प्रत्यक्ष स्थापन होण्यापूर्वीच, सप्टेंबर महिन्यात, सरकारने तिच्यावर बंदी घातली. ही संघटना जातीय स्वरूपाची असून तिचे संबंध संस्थानाबाहेर आहेत, असा सरकारचा आक्षेप होता. काँग्रेस हे नावही सरकारला मान्य नव्हते. बंदी मोडण्यासाठी ऑक्टोबर महिन्यात सत्याग्रहाला प्रारंभ झाला. गोविंदराव नानल यांच्या पहिल्या तुकडीपाठोपाठ स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि त्यांना १८ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.

याच सुमारास आर्य समाज व हिंदू महासभा यांनीही संस्थानात स्वतंत्र सत्याग्रह सुरू केले होते. तिन्ही आंदोलनांची सरमिसळ होऊन स्टेट काँग्रेसच्या मागणीला जातीय रंग चढेल, ही शंका निर्माण झाल्याने महात्मा गांधींच्या सल्ल्यानुसार डिसेंबर, इ.स. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने सत्याग्रह स्थगित केला. हा निर्णय अनेक तरुण कार्यकर्त्यांना रुचला नाही, तरीही स्वामीजींनी तो मान्य केला.

त्याच वर्षाच्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यास मनाई करण्यात आली. त्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी आंदोलन केले आणि ते औरंगाबादसह इतर ठिकाणच्या महाविद्यालयांत पसरले. मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्यापैकी अनेकांनी संस्थानाबाहेर, विशेषतः नागपूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत, शिक्षण पूर्ण केले. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी.व्ही. नरसिंह राव हे या विद्यार्थ्यांपैकी एक होते. ते स्वामीजींना राजकीय गुरू मानत.

कारावास व संघटना

इ.स. १९४० मध्ये स्वामीजींनी वैयक्तिक सत्याग्रह केला. त्यानंतर त्यांना इ.स. १९४१ च्या अखेरीपर्यंत निजामाबाद येथील तुरुंगात ठेवण्यात आले. ऑगस्ट, इ.स. १९४२ मध्ये छोडो भारत ठरावाच्या वेळी ते मुंबईत होते. संस्थानात परतताच त्यांना पुन्हा अटक झाली.

स्टेट काँग्रेसवर बंदी असलेल्या आठ वर्षांत महाराष्ट्र परिषदेची अधिवेशने हेच मराठवाड्यातील जाहीर राजकीय व्यासपीठ राहिले. इ.स. १९४१ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरी, इ.स. १९४३ मध्ये औरंगाबाद, इ.स. १९४४ मध्ये सेलू आणि इ.स. १९४५ मध्ये पुन्हा लातूर येथे अधिवेशने झाली. मोठ्या शहरांऐवजी बाजारपेठेच्या गावांत अधिवेशने भरल्यामुळे शेतकरी व व्यापारी वर्ग परिषदेशी जोडला गेला.

जुलै, इ.स. १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठवण्यात आली आणि तिन्ही प्रादेशिक परिषदांचे कार्यकर्ते एका संघटनेत आले. त्यानंतर अध्यक्षपदासाठी स्वामीजी आणि नेमस्त गटाचे बुर्गुल रामकृष्ण राव यांच्यात अटीतटीची निवडणूक झाली. तीत स्वामीजी विजयी झाले. याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे या कार्यकर्त्याची हत्या झाली. मराठवाड्यातील मुक्तिसंग्रामाच्या आरंभीच्या हुतात्म्यांत त्यांची गणना होते.

अखेरचा लढा (इ.स. १९४७-४८)

जून, इ.स. १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी इंग्रजी सत्ता संपताच हैदराबाद स्वतंत्र राहील असे जाहीर केले. त्याच महिन्यात स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली हैदराबाद येथे स्टेट काँग्रेसचे अधिवेशन भरले. संस्थान भारतीय संघराज्यात सामील करावे आणि जबाबदार राज्यपद्धती द्यावी, अशी मागणी अधिवेशनात करण्यात आली. ७ ऑगस्ट, इ.स. १९४७ हा दिवस भारतात सामील व्हा दिन म्हणून पाळण्यात आला. १५ ऑगस्ट रोजी स्वामीजींना अटक झाली.

स्वामीजींच्या विरोधातील प्रमुख नाव होते मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्ष आणि रझाकार संघटनेचे नेते कासिम रझवी यांचे. रझवी लातूर येथे वकिली करत असत. अशा प्रकारे हैदराबादच्या भवितव्याविषयी परस्परविरोधी भूमिका घेणाऱ्या दोन्ही नेत्यांच्या सार्वजनिक जीवनाची पायाभरणी मराठवाड्याच्या एकाच भागात झाली होती.

लढ्याच्या कार्यक्रमात ध्वजवंदन, जंगल सत्याग्रह, सरकारी महसूल बुडवण्यासाठी शिंदीची झाडे तोडणे, लेव्हीचे धान्य न देणे आणि करोडगिरी नाके उद्ध्वस्त करणे यांचा समावेश होता. वकिलांनी न्यायालये व विद्यार्थ्यांनी शाळा-महाविद्यालये सोडावीत, असे आवाहन करण्यात आले. संस्थानाच्या सीमेबाहेर सोलापूर, बार्शी, वाशीम, उमरखेड, मनमाड, चांदा अशा ठिकाणी कार्यकर्त्यांची शिबिरे उघडण्यात आली. शिक्षक आणि विद्यार्थी या शिबिरांत मोठ्या संख्येने होते. नांदेड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांचे मुख्य केंद्र यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड हे होते.

२९ नोव्हेंबर, इ.स. १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला आणि त्यानंतर स्वामीजींची सुटका झाली. सुटकेनंतर दोन महिन्यांच्या आत, २६ जानेवारी, इ.स. १९४८ रोजी, त्यांना पुन्हा अटक करण्यात आली आणि लढा संपेपर्यंत ते तुरुंगातच राहिले. या काळात दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने आंदोलन चालवले. सीमेवरील शिबिरांतून रझाकार व पोलीस ठाण्यांवर सशस्त्र हल्ले होऊ लागले. ३० जानेवारी, इ.स. १९४८ रोजी उमरी येथील बँकेवर कार्यकर्त्यांनी धाड टाकली आणि मिळालेली रक्कम लढ्यासाठी वापरली. अहिंसेवर निष्ठा असलेल्या नेत्याच्या संघटनेने शस्त्रांचा वापर करावा का, हा प्रश्न तेव्हाही उपस्थित झाला होता. सशस्त्र प्रतिकाराच्या आघाडीला स्वामीजींनी जाहीर विरोध केला नाही. रझाकारांच्या हल्ल्यांपुढे असहाय झालेल्या खेड्यांना स्वसंरक्षणाचा अधिकार आहे, अशी कृती समितीची धारणा होती.

१३ सप्टेंबर, इ.स. १९४८ रोजी भारतीय सैन्याने संस्थानात प्रवेश केला. पोलीस कारवाई या नावाने ओळखली जाणारी ही मोहीम १७ सप्टेंबर रोजी निजामाच्या शरणागतीने संपली आणि स्वामीजींची तुरुंगातून सुटका झाली. कारवाईच्या काळात व त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांत मुस्लिम नागरिकांवर मोठ्या प्रमाणावर अत्याचार झाले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावा असा अंदाज दिला होता. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार आणि त्यानंतरचा हा हिंसाचार या दोहोंमुळे, लढा जातीय होऊ नये या स्वामीजींच्या आग्रहाची कठोर परीक्षा झाली.

स्वातंत्र्योत्तर कार्य

मुक्तीनंतर स्वामीजींनी शासनातील कोणतेही पद स्वीकारले नाही. स्टेट काँग्रेसमध्ये लवकरच फूट पडली. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासह डाव्या विचारांचे अनेक जवळचे सहकारी संघटनेबाहेर पडले. बाबासाहेब परांजपेही वेगळ्या राजकीय मार्गाने गेले आणि इ.स. १९५२ च्या निवडणुकीत विरोधी आघाडीतर्फे बीड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. स्वामीजी काँग्रेसमध्येच राहिले. ते इ.स. १९५२ मध्ये गुलबर्गा आणि इ.स. १९५७ मध्ये औरंगाबाद मतदारसंघातून लोकसभेचे सदस्य झाले.

हैदराबाद राज्य अखंड ठेवावे की भाषावार विभागावे, हा या काळातील प्रमुख प्रश्न होता. राज्य टिकवण्याच्या बाजूचे मत दिल्लीत प्रबळ असताना स्वामीजींनी विभाजनाचा पुरस्कार केला. मातृभाषेतून शिक्षण आणि लोकांच्या भाषेतून कारभार हे सूत्र त्यांनी हिप्परग्यापासून मानले होते, आणि भाषावार प्रांतरचनेची त्यांची मागणी त्याच्याशी सुसंगत होती. १ नोव्हेंबर, इ.स. १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे, इ.स. १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीत आणि खादी व ग्रामोद्योगाच्या कार्यातही स्वामीजींनी भाग घेतला.

नांदेड येथील शैक्षणिक कार्य

मुक्तीच्या वेळी मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या सोयी औरंगाबादपुरत्या मर्यादित होत्या. नांदेड किंवा लातूर परिसरातील विद्यार्थ्याला महाविद्यालयीन शिक्षणासाठी औरंगाबाद, हैदराबाद किंवा संस्थानाबाहेर जावे लागे. ही अडचण दूर करण्यासाठी स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि इ.स. १९५० मध्ये पीपल्स कॉलेज सुरू झाले. मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले अनेक कार्यकर्ते या संस्थेशी जोडले गेले. याच सोसायटीने इ.स. १९६३ मध्ये सायन्स कॉलेज काढले. प्रसिद्ध विचारवंत नरहर कुरुंदकर यांनी पीपल्स कॉलेजमध्ये अध्यापन केले आणि पुढे ते तेथे प्राचार्य झाले. त्याआधी ते प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षक होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाविषयी त्यांनी विपुल लेखन केले आहे.

मराठवाड्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ इ.स. १९५८ मध्ये औरंगाबाद येथे स्थापन झाले. त्यानंतरच्या दशकांत लातूरमध्येही महाविद्यालये व शाळा वाढल्या. लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे आज राज्याच्या सर्व भागांतून विद्यार्थी येत असलेली शैक्षणिक केंद्रे आहेत. ज्या भागातील मुलांना स्वभाषेतील माध्यमिक शिक्षणासाठी हिप्परग्यासारख्या गावी जाऊन राहावे लागे, त्याच भागाच्या संदर्भात हा बदल महत्त्वाचा मानला जातो.

लेखन

स्वामीजींनी आपल्या सार्वजनिक जीवनाच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. मेमॉयर्स ऑफ हैदराबाद फ्रीडम स्ट्रगल या नावाने त्या इ.स. १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. स्टेट काँग्रेसची स्थापना, तिच्यातील मतभेद आणि सत्याग्रहासंबंधीचे निर्णय यांच्या अभ्यासासाठी हा ग्रंथ महत्त्वाचा आहे. अनंत भालेराव यांचा हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा हा मराठी ग्रंथ त्याला पूरक मानला जातो.

निधन

संसदीय कारकीर्द संपल्यानंतर स्वामीजींचे वास्तव्य प्रामुख्याने हैदराबाद येथे होते. २२ जानेवारी, इ.स. १९७२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. हैदराबाद शहरातील बेगमपेठ येथे त्यांची समाधी आहे. तेथे त्यांच्या नावाने स्मारक समिती कार्यरत असून पी.व्ही. नरसिंह राव यांचा तिच्याशी निकटचा संबंध होता.

वारसा व स्मारके

* १७ सप्टेंबर हा दिवस महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा केला जातो.
* इ.स. १९९४ मध्ये मराठवाड्यातील विद्यापीठाचे विभाजन होऊन १७ सप्टेंबर रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाचा परिसर नांदेडजवळ विष्णुपुरी येथे आहे आणि लातूर येथे त्याचे उपकेंद्र आहे.
* अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय या नावाने ओळखले जाते. ज्या गावात त्यांनी शिक्षक म्हणून अखेरची वर्षे काढली, तेथेच हे महाविद्यालय आहे.
* तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांच्या नावाची ग्रामीण प्रशिक्षण संस्था आहे.
* हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेचे नाव मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासात आणि मुक्तिसंग्रामाच्या इतिहासातही आदराने घेतले जाते.